इंग्रजी कुणाशी बोलायचं

अण्णा, एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलेलं नाही, आणि पुढे कधी देता येईल असंही वाटत नाही. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीनं तो विचारला. तास इंग्रजीचा होता. मी फळ्यावर सोपी वाक्यं लिहिली होती: तुझं नाव काय, तू कुठं राहतेस, तुला काय आवडतं. दोघी-दोघींनी उभं राहून ती एकमेकींशी बोलायची होती. खिडकीजवळच्या मुलीची पाळी आली. ती उठली, फळ्याकडे बघितलं, शेजारणीकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, एवरितो?" तुम्हाला तेलुगू येत होतं, तरी लिहिते, की एवरितो म्हणजे कुणाशी. मला वाटलं, जोडी कुणाची ते विचारतेय. मी म्हटलं, "हिच्याशी की. शेजारी उभी आहे ना." तर म्हणाली, "हिच्याशी आपल्या भाषेत बोलते की बाई. हे इंग्लिश बोलायचं कुणाशी?" वर्ग हसला. ती हसली नाही, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी "पुढे कळेल" असं काहीतरी पुटपुटले आणि घंटेची वाट बघत फळा पुसत राहिले. पुसून झालेला फळा मी पुन्हा पुसला.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. पुढचं तुम्हाला काही माहीत नाही. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, मग बी.एड. केलं. बी.ए.चा निकाल सांगायला घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "म्हंजे आता संपलं, का अजून हाय?" मी म्हटलं, अजून आहे. ती म्हणाली, "मग समदं संपल्यावर पेढे आणू." पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या घराघरात जाऊन तिनं सांगितलं, आमची पोरगी इंग्लिशमध्ये पास झाली. कुठली परीक्षा ते तिला सांगता येत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

नोकरी लागली ती सोलापूरच्याच पूर्व भागातल्या एका मुलींच्या शाळेत. शाळा मराठी, आणि मुली जवळजवळ सगळ्या विणकरांच्या, तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या. घरात बापाचे माग, आईच्या मांडीवर विड्यांचं सूप. मराठी त्यांना शाळेत आल्यावर भेटते, आणि त्या मराठीतून मी त्यांना इंग्रजी समजावते. म्हणजे एका परक्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून दुसऱ्या परक्या घराचा पत्ता सांगायचा. पहिल्या वर्षी मला हे कळलंच नाही. मी रंगीत खडूंनी चित्रं काढत होते, पुठ्ठ्याचं घड्याळ करून नेत होते, आणि मुली माझ्यामागून इतक्या एका सुरात म्हणत, की शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, तुमचा तास म्हणजे आरती असते. आरतीच होती ती. शब्द सगळ्यांना पाठ, अर्थ कुणी विचारायचा नाही.

तुमचं बोलणं मला आठवतं ते आवाजाशिवाय. गिरणीच्या साचेखात्यात मागांचा धडधडाट एवढा, की कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून तिथं तुम्ही सगळे ओठांनी बोलत होता. ती सवय घरी आली होती. जेवताना तुम्ही आईकडे बघून नुसते ओठ हलवायचा, आणि ती म्हणायची, "आवाज गिरणीतच ठेवून आला व्हय?" मला मात्र तुमचं सगळं कळायचं. मी नळावर रांगेत उभी आहे, मधे बायकांचं भांडण चाललंय, आणि पलीकडून पाळीवर निघालेले तुम्ही ओठांनी म्हणता आहात, "घागर फोडू नको, येतो." आणि मीही तसंच, आवाज न करता, "या." अजून ती रांग मला अशीच दिसते. शेवटी दवाखान्यात तुमचा आवाज खरंच गेला. खाटेभोवती नातलग जमले होते, तुम्ही सारखे काहीतरी म्हणत होता, आणि वळसंगहून आलेले काका डोळे पुसत म्हणाले, देवाचं नाव घेताहेत. मी बघितलं. तुम्ही चहा मागत होता. मी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. मग आईनं बशीत ओतून घोटभर पाजला आणि तुम्ही डोळे मिटून घेतले. काका अजूनही देवाचंच नाव म्हणतात. मी आता खोडून काढत नाही.

तुमच्या शेजारच्या साच्यावर तेलुगू काका होते. आपल्या घरी आले की म्हणायचे, "माझा बायको आला, भाजी आणला." एकदा ते गेल्यावर मी त्यांची नक्कल करून दाखवली. मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही हातातला तांब्या खाली ठेवलात. "त्यो तुज्या घरात पाय पुसून आलाय," तुम्ही म्हणालात, "तू त्याच्या घरात कदी गेलीस? उद्यापासनं जायचं. सांजच्याला त्यांच्यातच जेवायचं. आन् मराठी बोललीस तर उपाशी ऱ्हायचं." मला वाटलं, रागाच्या भरात बोलताय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही खरोखर माझ्या हातात वाटी देऊन मला त्यांच्या दारात उभी केलीत. काकूंचं स्वयंपाकघर अंधारं होतं, चिंचेचा वास भरलेला. मी बापाला अण्णा म्हणते हे ऐकून काकूंना हसू आवरेना, कारण त्यांच्यात अन्ना म्हणजे थोरला भाऊ. "मग तुझी आई तुझी वहिनी का?" त्या विचारायच्या, आणि ताटात भात वाढत राहायच्या. पुरे म्हणजे चालु, हा मी शिकलेला पहिला तेलुगू शब्द. जेवण जाईना म्हणून शिकले. वर्षभरात मी त्यांच्या पोरांशी तेलुगूत भांडत होते.

इंग्रजीही तशीच येते असं तुम्हाला वाटत होतं. मी पाचवीत इंग्रजी शिकायला लागले तेव्हा तुम्ही गड्ड्याच्या जत्रेतून मला आरसा आणून दिलात, पत्र्याच्या चौकटीचा, पाठीवर मोर असलेला. आई म्हणाली, एवढ्याशा पोरीला नट्टापट्टा कशाला. तुम्ही म्हणालात, "नटायला न्हाय. आमचा सायेब इंग्लिश बोलतो तवा तोंड बग कसं हुतं त्याचं, दातात सुपारी धरल्यागत. हिला आरशात बगून बोलू दे. तोंड जमलं की भाषा जमली." अण्णा, तुमचं चुकलं होतं. तोंड मला जमलं, आरशासमोर बोलून बोलून जमलं. पण तेलुगूचं घर आपल्या भिंतीला लागून होतं. इंग्रजीचं घर कुठं होतं? कुणाच्या चुलीपाशी मला वाटी देऊन पाठवणार होता? कॉलेजात सरसुद्धा इंग्रजी कविता मराठीतून समजावत. नाक्यावरच्या हॉटेलात रेडिओवर इंग्रजी बातम्या लागत, तेव्हा मी चालणं मंद करायचे. रेडिओ बोलतो, पण आपलं ऐकत नाही. त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी फळा पुसत राहिले ती याच्यामुळे. मी इंग्रजीची बाई, आणि वर्गाबाहेर मी तोवर इंग्रजी कुणाशीच बोलले नव्हते. नवी पेठेतल्या गर्दीतून जाताना मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे, माझे ओठ हलायचे, आणि समोरून येणाऱ्या बायका मला वाट द्यायच्या.

तो प्रश्न आल्यावर मी वर्गात तेलुगू आणलं. निदान आधी समजू तरी दे, असं मनाशी म्हटलं. फळ्यावरचं वाक्य मी तेलुगूत सांगितलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, जसं घरात अचानक आलेल्या आजोळच्या माणसाकडे बघतात. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आठवडाभर मला वाटलं, सापडलं. नंतर हेडमास्तरांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हेत. म्हणाले, "बाई, इंग्रजी इंग्रजीतून शिकवा. नाही जमलं तर मराठीतून शिकवा. हे तिसरं कुठून काढलंत?" मी तावातावानं बोलायला लागले, तेव्हा त्यांनी बाहेर बसलेल्या एका पालकाला आत घेतलं. मागावरून उठून तसेच आलेले, केसांत सुताचा कापूस. ते मला हात जोडून म्हणाले, "बाई, तेलुगू आमच्या घरात फुकट मिळतं की. त्याच्यासाठी पोरीला शाळेत कशाला घालू?" मला त्यांच्यावर रागावता येईना. तुम्हीही कदाचित हेच म्हणाला असता. मी परत आरतीकडे वळले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. मैत्रिणी म्हणाल्या, तिची आई आजारी होती, आता ती घरी विड्या वळते. मी एका दुपारी तिचं घर शोधत गेले. खालच्या खोलीत दोन यंत्रमाग चालू, आणि बाहेर ओट्यावर ती, तिची आई आणि एक मावशी, तिघींच्या मांडीवर सुपं. पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. बोटं थांबत नाहीत आणि नजर वर होत नाही. मागांच्या आवाजात मला काही बोलता येईना. तिच्या आईनं मान वर करून ओठांनीच विचारलं, काय पाहिजे? आणि मी ओठांनीच उत्तर दिलं, तेलुगूत, मुलीला शाळेत पाठवा. आईची बोटं क्षणभर मंदावली. "तुमाला हे कसं येतं?" मी सांगितलं, माझे वडील साच्यावर होते. तेवढ्यावर मला ओट्यावर जागा मिळाली.

मी दर रविवारी जायला लागले. मुलीला वही हातात घेता येत नव्हती, हात गुंतलेले, म्हणून धड्यातली वाक्यं मी नुसती म्हणायचे आणि ती माझ्यामागून म्हणायची. पण माझ्याकडे बघितलं, की तिचा वेग कमी व्हायचा, आणि आई जिभेनं टच् करायची. तेव्हा मला एक शहाणपण सुचलं. मी म्हटलं, हिच्या हाताचं काम मी करते. सूप मांडीवर घेतलं आणि वळत बसले. किती सोपं दिसतं ते. मावशीनं माझी पहिली विडी उचलून उन्हात धरली आणि म्हणाली, "ही विडी न्हाय, ही पोटुशी बाय हाय." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि वळत राहिले. माझ्या विड्या त्यांच्या विड्यांत मिसळून गेल्या. मला कुणी थांबवलं नाही, कारण मी बाई होते, आणि दारी आलेल्या बाईंना थांबवायचं कसं? दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणाऱ्यानं जुड्या सोडून बघितल्या आणि त्यांचा सगळा माल परत केला. पुढच्या रविवारी तिच्या आईनं मला चहा दिला. कप रिकामा होईपर्यंत थांबली. मग मोडक्या मराठीत, मुद्दाम मराठीत, म्हणाली, "बाई, तुमी लई चांगलं हाय. तुमचा विडी चांगलं न्हाय. तुमी येऊ नका." मुलगी सुपात बघत होती. मी कप विसळायला उठले तर तोही माझ्या हातातून काढून घेतला.

मग मी जायचं थांबवलं. म्हणजे ओट्यावर बसायचं थांबवलं. शाळेतून घरी जाताना त्या गल्लीतून वळसा घालून जायला लागले. पहिले काही दिवस काही झालं नाही. एकदा मी समोरच्या बाजूनं चालले होते, माग धडधडत होते, आणि तिनं मान वर केली. बोटं चालूच. ओठ हलले: गुड आफ्टरनून, टीचर. मी थांबले. पायातलं काहीतरी काढल्यासारखं करून वाकले, आणि तशीच ओठांनी म्हणाले, गुड आफ्टरनून, हाउ आर यू? ती म्हणाली, फाइन. आईनं ऐकलं नाही, ऐकण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर रोज एखादं वाक्य. आज फार ऊन आहे. मावशी आली नाही. तू जेवलीस का? चुका असत, मी सुधारत नसे. रस्त्याच्या दोन बाजूंना दोघी, मधून हातगाड्या, सायकली, आणि आवाज कुणाचाच नाही. अण्णा, मला हसू येतं. वर्गाबाहेर मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बोलत होते, ती अशी.

याच सुमारास मला हैदराबादला बोलावणं आलं. इंग्रजी ज्यांची नाही त्यांना ती कशी शिकवावी, याचा वर्षभराचा अभ्यासक्रम तिथं असतो, शिक्षकांसाठीच. हेडमास्तरांनी मला न सांगता माझं नाव पाठवलं होतं. म्हणाले, "जाऊन या. आणि ते तुमचं तेलुगू तिथंच विसरून या म्हणजे झालं." मी म्हटलं, सर, हैदराबादला? ते क्षणभर विचारात पडले आणि मग स्वतःच हसले. आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हातातले खडे तिनं बाजूला टाकले. मग म्हणाली, "बाप तुजा मुक्यानं बोलायचा. तू परक्या भाषेत बोलतीस. माज्याशी कुणी बोलायचं?" आणि मी काही म्हणायच्या आत, "जा की. मी काय धरून ठिवलंय व्हय."

शाळेत सगळे अभिनंदन करत होते, आणि मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, की मला जे शिकायला जायचं आहे ते त्या गल्लीतल्या एका मुलीसाठी, आणि ते शिकायचं तर तिच्यासमोरून उठून जावं लागणार. वर्षानं मी परत येईन तोवर ती कुठं असेल? पोरीला स्थळ बघताहेत असं मावशी एकदा बोलली होती. न जावं, तर मी तिला देणार काय, रस्त्यावरून एक वाक्य? आणि ते तरी तिला कुठं घेऊन जाणार आहे? तुम्ही असता तर ओठांनी काहीतरी म्हणाला असता, आणि मला कळलं असतं. तुमचा आरसा मी समोर ठेवून बघितला. त्यात माझंच तोंड दिसलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी गल्लीतून गेले. ती ओट्यावर होती. रोजचं झालं, गुड आफ्टरनून झालं. मग मी म्हटलं, आय ॲम गोइंग, मी जातेय. तिनं विचारलं, व्हेअर? अण्णा, हा शब्द मी तिला सुटा कधी शिकवला नव्हता. "तू कुठं राहतेस" या फळ्यावरच्या वाक्यातून तिनं तो सोडवून घेतला आणि स्वतःच्या कामाला लावला. शिकवणं म्हणतात ते हेच असेल, तर माझ्या हातून ते एकदाच झालं, आणि तेव्हा माझी ट्रंक बांधून तयार होती. मी म्हटलं, हैदराबाद. तिचे हात थांबले. आईनं न बघताच टच् केलं, हात पुन्हा चालू झाले. मग मान न हलवता, इंग्रजी सोडून, तिच्या ओठांनी एकच शब्द केला: एवरितो?

मला तो स्वच्छ वाचता आला, तोच वर्गातला कुणाशी. साचेखात्यातल्या माणसाची मुलगी आहे मी, मधे रस्ताच तर होता. पण मी कपाळावर हात धरून उन्हानं दिसत नसल्यासारखं केलं, मान हलवली, हात हलवला आणि चालू लागले. वळणावर मागं बघितलं नाही.

हे मी हैदराबादच्या वसतिगृहात बसून लिहिते आहे. इथं खोलीतल्या मुली माझ्याशी इंग्रजीत बोलतात, आणि स्वयंपाकाच्या बाई माझं सोलापूरचं तेलुगू ऐकून हसतात. आरसा खिडकीत ठेवला आहे. या पत्राला पाकीट आणलेलं नाही.